चालत राहण्याचं क्रियापद

शेक्सपिअरच्या 'द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर' या नाटकात मळक्या कपड्यांची एक भली मोठी टोपली आहे. लठ्ठ फॉल्स्टाफ गावातल्या दोन खात्यापित्या घरच्या बायकांना एकाच मजकुराची प्रेमपत्रं पाठवतो. डोळा अर्थातच त्यांच्या नवऱ्यांच्या पैशावर. तो फोर्डबाईंच्या घरी येतो, तेवढ्यात नवरा आल्याची हाकाटी होते, फॉल्स्टाफला त्या टोपलीत कोंबलं जातं आणि वर धुण्याचे कपडे रचले जातात. हा बनाव दोघी मैत्रिणींनी आधीच ठरवलेला असतो. फॉल्स्टाफ यायच्या आधीच फोर्डबाईंनी आपल्या गड्यांना बजावून ठेवलेलं असतं: हाक मारली की यायचं, टोपली खांद्यावर घ्यायची आणि होईल तेवढ्या घाईनं टेम्सकाठच्या डॅचेटच्या कुरणात, परीट असतात तिथे जाऊन, नदीलगतच्या चिखलाच्या चरात ती उपडी करायची. घाईनं जायला सांगताना बाईंनी जे क्रियापद वापरलं आहे ते म्हणजे 'ट्रज'.

आजचा इंग्रजी वाचक या जागी अडखळतो. कारण आज 'ट्रज'चा अर्थ जवळजवळ उलटा आहे. थकलेल्या माणसानं जड पावलांनी, मनात उभारी नसताना, चिखलातून, बर्फातून, चढावरून, पाठीवर ओझं घेऊन चालत राहणं म्हणजे ट्रज. शाळेतून पावसात घरी येणारं पोर ट्रज करतं, रात्रपाळी संपवून बस चुकलेला कामगार ट्रज करतो. घाई त्यात कुठेच बसत नाही. पण शेक्सपिअरनं हा शब्द काही चुकून वापरलेला नाही. 'द कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये परक्या गावात सगळेच आपल्याला ओळखतात आणि आपण कुणालाच ओळखत नाही, हे पाहून हादरलेला एक तरुण नोकराला म्हणतो की आता गाशा गुंडाळून निघायला हवं. तिथेही हेच क्रियापद आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधली दाई जुन्या भूकंपाची आठवण सांगते. कबुतरखाना हादरला तेव्हा 'पळ' म्हणून मला कुणी सांगायला नको होतं, असा तिच्या बोलण्याचा भाव. तिथेही ट्रजच. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच: निघ, चालू लाग, इथून हल.

पुढच्या प्रकरणांत चालण्याची अनेक इंग्रजी क्रियापदं येणार आहेत. प्रस्तावनेसाठी मी हे एकच निवडलं, कारण या शब्दावर थकव्याचा थर नंतर चढला आणि आतलं 'निघणं' तसंच राहिलं. तो थर बाजूला केल्याशिवाय हा शब्द नीट कळत नाही, आणि कोशातला पहिला अर्थ उचलून पुढे जाणाऱ्याला तर तो हमखास फसवतो.

लिखित इंग्रजीत हे क्रियापद १५४० च्या दशकात दिसू लागतं. कोशकार साधारणपणे १५४७ हे साल देतात. ते वर्ष इंग्लंडमध्ये साधं नव्हतं. जानेवारीत आठवा हेन्री वारला आणि नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत हेन्रीनं देशातले मठ बरखास्त केले होते, आणि मठांच्या दारात मिळणारा भाकरतुकडा त्यांच्याबरोबर गेला होता. मेंढ्यांच्या लोकरीला चांगला भाव होता, म्हणून गावाच्या सामाईक जमिनींना कुंपणं पडत होती. काम नसलेली, जमीन नसलेली माणसं रस्त्यावर होती. त्याच १५४७ साली संसदेनं भटक्यांविरुद्ध जो कायदा केला, तो इंग्लंडच्या इतिहासातल्या अत्यंत निर्दय कायद्यांपैकी एक आहे. काम नाकारणाऱ्या धडधाकट माणसाच्या छातीवर तापल्या लोखंडानं 'व्ही' हे अक्षर डागायचं आणि त्याला दोन वर्षं गुलाम म्हणून कुणाच्या तरी हवाली करायचं. तो कायदा इतका टोकाचा होता की फारसा अमलात आलाच नाही आणि काही वर्षांतच रद्द झाला. हा कायदा आणि हे क्रियापद यांची गाठ मी मारत नाही, तसा पुरावा नाही. पण एखादा शब्द बोलण्यातून कागदावर येतो तेव्हा बाहेर रस्त्यावर कोण चालत होतं, हे माहीत असलेलं बरं.

ट्रज आला कुठून? कोशात याचं उत्तर दोन शब्दांचं आहे: मूळ अज्ञात.

या दोन शब्दांमागे केवढे कष्ट असतात, हे सांगायला हवं. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरी हे स्कॉटलंडमधल्या एका शिंप्याचे चिरंजीव. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. १८७९ मध्ये त्यांनी कोशाचा करार केला, तेव्हा काम दहा वर्षांत संपेल असा अंदाज होता. पाच वर्षं झाली आणि पहिला भाग छापून आला, तेव्हा ते 'अँट' या शब्दापर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत पोहोचले होते. ऑक्सफर्डच्या बॅनबरी रोडवर त्यांच्या घराच्या बागेत पत्र्याची एक शेड होती. शेजाऱ्याची हरकत नको म्हणून ती जमिनीत काही फूट खाली बसवलेली, त्यामुळे कायम ओल. भिंतींवर खणाखणांची मांडणी, आणि त्या खणांत देशोदेशींच्या वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, तो जिथे सापडला ते वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल. हिवाळ्यात मरी जाड कोट घालून, गार वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून पाय एका खोक्यात ठेवून बसत. 'टी' हे अक्षर त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. २६ जुलै १९१५ रोजी ते वारले. 'ट्रज' हा शब्द त्यांच्या हातून गेलेल्या अगदी शेवटच्या काही शब्दांमधला. कोश पूर्ण व्हायला त्यानंतर तेरा वर्षं लागली, १९२८ उजाडलं.

छत्तीस वर्षं असं काम केलेला माणूस जेव्हा एखाद्या शब्दापुढे 'मूळ अज्ञात' लिहितो, तेव्हा तो सगळ्या चिठ्ठ्या उलटून, शेजारच्या भाषांचे कोश चाळून, जुळतील असे वाटणारे दुवे एकेक करून नाकारून लिहितो. मला ही नोंद कुठल्याही रंगतदार व्युत्पत्तीपेक्षा जास्त मोलाची वाटते. कारण व्युत्पत्तीच्या क्षेत्रात रंगतदार खोटं फार लवकर पसरतं. 'सॉंटर' म्हणजे रमतगमत फिरणं. हा शब्द फ्रेंचमधल्या 'पवित्र भूमी'वरून आला, अशी गोष्ट थोरोनं आपल्या चालण्यावरच्या १८६२ च्या निबंधात मोठ्या प्रेमानं सांगितली, आणि आजही लोक ती सांगतात. ती खरी नाही.

ट्रजबद्दलही जुन्या अभ्यासकांनी तर्क केले. कुणी इटालियनकडे पाहिलं. कुणी फ्रेंचमधल्या, आता वापरातून गेलेल्या एका क्रियापदाकडे बोट दाखवलं. त्याचा अर्थ भीक मागत फिरणं. कुणी उत्तरेला स्कँडिनेव्हियाकडे वळलं. तिथे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून पायाला बांधायच्या रुंद जाळीदार पादत्राणाला 'त्रुगा' असं काहीसं नाव आहे. ती बांधली की पाय उचलून फेंगडं, जड चालावं लागतं. तीनही तर्क ऐकायला छान आहेत. पण मधल्या पायऱ्यांचा लेखी पुरावा नाही, म्हणून कोशात त्यांना जागा नाही. आणि इंग्रजीत असं मूळ हरवलेले शब्द काही कोपऱ्यातले, अडगळीतले नसतात. 'डॉग', 'बॉय', 'बिग', 'बॅड' या शब्दांचीही मुळं खात्रीनं सांगता येत नाहीत. राजदरबार, कचेरी, चर्च आणि विद्यापीठ यांनी लॅटिन-फ्रेंचमधून आणलेले शब्द कागदपत्रांसकट आले, त्यांचा जन्म आणि प्रवास दाखवता येतो. अंगणात, शेतात, वाटेवर घडलेल्या शब्दांची नोंद करायला तिथे कुणी लेखणी घेऊन बसलेलं नव्हतं. ट्रज हा त्या बिनकागदपत्रांच्या शब्दांपैकी एक.

मूळ सापडलं नाही तरी आवाज हाताशी आहे, आणि या शब्दाचा आवाज ऐकण्यासारखा आहे. म्हणून पाहा: 'ट्र' म्हणताना जीभ टाळूला टेकून सुटते आणि जरा घासटते, मग एक आखूड, बोजड 'अ', आणि लगेच 'ज'वर सगळं दाबून बंद. पाय उचलला, टाकला, रुतला. इंग्रजीत 'ट्र'नं सुरू होणारे पावलांचे शब्द पुष्कळ आहेत: ट्रेड म्हणजे पाऊल टाकणं, ट्रॅम्प, ट्रॅम्पल म्हणजे तुडवणं, ट्रॉट म्हणजे दुडकी चाल, ट्रॅक, ट्रिप. शेवटच्या 'अज'चं कुटुंबही जड आणि चिकट आहे: ड्रज म्हणजे राबणं, स्लज म्हणजे गाळ, स्मज म्हणजे डाग फासणं, ग्रज म्हणजे मनात धरलेली अढी, बज म्हणजे जागचं हलणं. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये अशा ध्वनिगटांसाठी 'फोनेस्थीम' ही संज्ञा घडवली. शब्दांचं मूळ एक नसलं तरी आवाज एक असल्यामुळे ते एकमेकांच्या अर्थाकडे सरकतात, असं या विचाराचं सार. त्याला मर्यादा आहेत. 'जज' म्हणजे न्यायाधीश हाही त्याच यमकात बसतो आणि तो सरळ फ्रेंचमधून आलेला आहे. न्यायासनाचा आणि गाळाचा काही संबंध नाही. पण ट्रजच्या बाबतीत हा विचार मला पटतो. निघण्याचा, चालू लागण्याचा साधा शब्द ड्रज आणि स्लज यांच्या शेजारात दोन-तीन शतकं राहिला आणि त्यांचा जडपणा अंगावर घेऊन बसला, असं मानलं तर फोर्डबाईंची घाई आणि आजचा थकवा यांच्यामधलं अंतर समजण्यासारखं होतं. घाईघाईनं ओझं वाहणाऱ्या गड्याकडे पाहिलं की आधी त्याची घाई दिसते, पण बराच वेळ पाहत राहिलं तर ओझंच दिसू लागतं.

(एक गैरसमज इथेच निकालात काढतो. पोहण्याचा 'ट्रजन' नावाचा एक जुना प्रकार आहे. त्याचा या क्रियापदाशी संबंध नाही. जॉन ट्रजन या इंग्रज पोहणाऱ्यानं तो १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये पोहून दाखवला, म्हणून त्याचं नाव पडलं.)

कोशांमधून हा अर्थबदल नीट दिसतो. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनच्या कोशात ट्रज म्हणजे कष्टानं वाट काटणं, जडपणे पुढे चालत राहणं. घाई गेलेली आहे. अमेरिकेत नोआ वेब्स्टरचा कोश १८२८ मध्ये निघाला. त्यात कष्टाचा अर्थ दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि पहिला अर्थ आहे नुसता पायी जाणं. त्याला जोडून एक छोटासा दाखला: बाप स्वार होऊन पुढे चालला आहे आणि मुलगा मागून पायी येतो आहे. मला हा दाखला सगळ्या व्याख्यांपेक्षा जास्त सांगून जातो. घोडा एकच, बसणारा एक, दुसरा पायी. ट्रज हा वाहन नसलेल्याचा शब्द आहे. ज्याच्यापाशी घोडा, बग्गी, पुढे मोटार होती, त्याचं चालणं इंग्रजीत 'प्रोमेनाड' होतं, 'स्ट्रोल' होतं, प्रकृतीसाठी घेतलेला फेरफटका होतं. ट्रज करणाऱ्याला चालण्याला पर्यायच नसतो.

त्याचे भाऊबंद या पुस्तकात सविस्तर भेटतील, इथे ओळखीपुरते. 'ट्रेक' हा मराठीत इतका रुळला आहे की राजगड-तोरण्याच्या वाटेवरच्या पोरांना तो परका वाटत नाही. तो मूळचा डच, अर्थ ओढणं. १८३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे शेतकरी ब्रिटिश अमलाखालची केप वसाहत सोडून बैलगाड्या हाकत आत निघाले, त्या स्थलांतरातून तो इंग्रजीत आला. आरंभी त्यात मौज अजिबात नव्हती. 'स्लॉग' तर क्रिकेटमुळे घराघरात माहीत आहे. स्लॉग ओव्हरमधला जो जोरकस, आंधळा फटका, तोच शब्द इंग्रजीत लांबलचक कष्टाच्या चालीलाही लागतो. 'ट्रॅम्प' पावलांच्या आवाजावरून माणसावर गेला, आणि चॅप्लिननं त्या माणसाला डर्बी हॅट व काठी दिली. 'यॉम्प' हा ब्रिटिश मरीन सैनिकांचा शब्द १९८२ च्या फॉकलंड युद्धात वर्तमानपत्रांतून सगळ्यांना कळला: पाठीवर प्रचंड ओझं घेऊन मैलोन्मैल दलदल तुडवणं. आपल्या डोळ्यांदेखत प्रसिद्धीला आलेला हा शब्द, पण त्याचंही मूळ अज्ञात. मरींनी मान डोलावली असती.

'प्लॉड' ट्रजच्या सर्वांत जवळचा. टॉमस ग्रेची स्मशानातली शोककविता १७५१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या सुरुवातीलाच संध्याकाळी नांगर सोडून घरी निघालेला शेतकरी आहे, आणि त्याचं चालणं प्लॉड आहे. आता याच्या शेजारी विल्फ्रेड ओवेनची 'डल्से एट डेकोरम एस्ट' ठेवा. ओवेननं ती १९१७ मध्ये लिहिली. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध संपायला एक आठवडा उरला असताना तो मारला गेला आणि १९२० मध्ये कविता छापून आली. तिच्या पहिल्या कडव्यात खंदकांतून परतणारे सैनिक आहेत. पाठीतून वाकलेले, खोकणारे, चिखलाला शिव्या घालणारे. ओवेन त्यांना पहिल्याच ओळीत म्हाताऱ्या भिकाऱ्यांच्या जोडीला बसवतो. अनेकांचे बूट गेले आहेत आणि पाय रक्तानं माखले आहेत, तरी ते लंगडत चालले आहेत. ज्या ओळीत त्यांची पाठ शत्रूच्या प्रकाशगोळ्यांकडे वळते, तिच्या पुढच्याच ओळीत ते दूरच्या विसाव्याकडे ट्रज करू लागतात.

इथे थांबून नीट पाहायला हवं, कारण ट्रजबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथे स्पष्ट दिसतं. ग्रेचा शेतकरी घराकडे चालला आहे. ओवेनचे सैनिक विसाव्याकडे चालले आहेत. दोन्ही कवींनी थकवा सांगितला, पण त्याच वाक्यात दिशाही सांगितली. ही दिशा काढून टाकली तर ट्रजचं भटकणं होतं, भरकटणं होतं; त्यासाठी इंग्रजीत 'वाँडर' आहे, 'स्ट्रे' आहे. ट्रज करणारा थकलेला असतो, पण आपण कुठे चाललो आहोत हे त्याला पक्कं माहीत असतं. फोर्डबाईंच्या गड्यांना डॅचेटचं कुरण माहीत होतं, तसंच. शेक्सपिअरच्या काळातला निघण्याचा अर्थ मेला नाही, तो थकव्याच्या आत जाऊन बसला.

हा आतला अर्थ अगदी वेगळ्या ठिकाणी लोकांनी हुडकून काढला आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल, दारूपायी सगळं गमावून सावरू पाहणारा. मे १९३५ मध्ये तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरी धंद्याच्या कामानिमित्त गेला. काम फिसकटलं. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधला गलका ऐकू येत होता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. त्यानं टेलिफोन निवडला. आपल्यासारखाच कुणी दारुडा भेटावा, त्याच्याशी बोलावं, एवढ्यासाठी त्यानं एकामागून एक नंबर फिरवले आणि त्यातून गावातल्या डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतल्याचा दिवस 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चा स्थापनादिन मानला जातो. एप्रिल १९३९ मध्ये याच नावाचं पुस्तक निघालं. त्याचा मुख्य मजकूर १६४ व्या पानावर संपतो. त्या पानाच्या अखेरीस वाचकाला सांगितलं आहे की सुखाच्या दैवाकडे जाणाऱ्या वाटेवर चालताना आमच्यातले काहीजण तुला नक्की भेटतील. त्या चालण्यासाठी विल्सननं क्रियापद वापरलं: ट्रज.

जगभरच्या 'एए'च्या मीटिंगांमध्ये या एका शब्दावर आजवर पुष्कळ बोललं गेलं आहे. सुखाची वाट आणि चालणं मात्र रखडत? दारू सोडून शेवटी हेच का मिळवायचं? यावर एक उत्तर फार प्रचलित आहे: त्या काळच्या कोशात ट्रजचा अर्थ 'हेतू धरून चालणं' असा होता. हे उत्तर खरं नाही. वेब्स्टरपासूनचे अमेरिकन कोश नुसतं पायी जाणं किंवा कष्टानं चालणं असाच अर्थ देतात आणि १९३९ मध्ये तो काही वेगळा नव्हता. तरीही त्या उत्तरामागची जाणीव मला खोटी वाटत नाही. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांना या शब्दात हेतू जाणवला, कारण हेतू त्यात आहेच. तो कोशाच्या व्याख्येत 'न थांबता', 'नेटानं' अशा शेपटीसारख्या जोडलेल्या शब्दांत लपलेला असतो. व्याख्या वाचणारा 'थकून' या शब्दापाशीच थांबतो. रोज सकाळी आजचा दिवस प्यायची नाही, असं ठरवून उठणारा माणूस शेपटीपर्यंत वाचतो.

विल्सन आणि डॉ. बॉब दोघेही व्हरमाँट राज्यातले. तिथला हिवाळा लांब असतो आणि बर्फ खूप पडतो. गुडघाभर बर्फातून शाळेत, दुकानात, घरी जाणं हे तिथल्या पोरांचं रोजचं काम. विल्सनला हा शब्द वापरताना बालपणीचं ते चालणं आठवलं असावं, असं मला वाटतं. बर्फातून चालणारा जोरात चालूच शकत नाही, पण थांबला तर गोठतो. दारू सुटलेल्या माणसाच्या पहिल्या काही महिन्यांचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या क्रियापदानं झालं असतं, मला सुचत नाही. महाराष्ट्रात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. तेव्हापासून व्यसनमुक्तीबद्दल मराठीत मोकळेपणानं बोललं-लिहिलं जाऊ लागलं. 'एए'च्या मीटिंगाही इथे मराठीतून होतात. त्या वर्तुळातल्या कुणी हे पुस्तक हाती घेतलं, तर त्याला ट्रज शिकवण्याची गरज पडणार नाही.

पण याच शब्दाची एक काळजी करण्यासारखी बाजूही आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत टाळेबंदीनंतर शहरांतून गावाकडे निघालेल्या मजुरांबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रांच्या बातम्यांत आणि मथळ्यांत हे क्रियापद वारंवार येत होतं. मुंबई-नाशिक महामार्गावर डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं घेतलेली माणसं, आणि खाली तो शब्द. तो चुकीचा होता असं नाही. पण त्या मथळ्यांत थकलेले पायच दिसत. माणसं कुठे निघाली आहेत आणि का, हे दिसेनासं होई. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रेल्वेरुळांवर झोपलेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली सापडून मृत्यू झाला. ते मध्य प्रदेशचे. जालन्याच्या पोलाद कारखान्यातलं काम थांबलं होतं. भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं ते रुळांच्या कडेनं निघाले होते आणि दमून तिथेच टेकले होते. त्यांनी बरोबर चपात्या बांधून घेतल्या होत्या. चपात्या बांधून घेणारा माणूस नुसता पाय ओढत नसतो. त्यानं अंतर मोजलेलं असतं, भुकेचा हिशेब केलेला असतो, कुठे पोहोचायचं ते ठरवलेलं असतं. थकव्याचा शब्द वापरताना त्या माणसाचा बेत, त्याचा निश्चय आपण पुसून तर टाकत नाही ना, हे लिहिणाऱ्यानं दर वेळी तपासायला हवं. ट्रजच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे, कारण या शब्दाच्या पोटात निश्चय आधी होता.

म्हणूनच हा शब्द मराठीत आणताना माझी बरीच चाळवाचाळव झाली. 'पायपीट' पहिल्यांदा आठवते, आणि पुष्कळ अनुवादांत तीच असते. पण पायपीट म्हटलं की कचेरीत साहेब भेटला नाही, काम झालं नाही, हेलपाटा फुकट गेला, अशी तक्रार तिच्या मागून येते. 'वणवण'मध्ये मुक्काम नसतो. 'रखडणं' अर्ध्या वाटेत अडकतं. 'फरफटणं' म्हणजे कुणीतरी ओढतंय. 'तंगडतोड' बोलण्यात खुमासदार आहे, पण ओवेनच्या सैनिकांना ती लावता येणार नाही. 'पाय ओढत चालणं' चित्र बरोबर देतं आणि उद्देश सोडून देतं. सगळ्यांत जवळ येते ती 'वाट तुडवणं' ही आपली जुनी क्रिया. तिच्यात कष्ट आहेत, पायाखालची माती आहे, आणि वाट म्हटली की ती कुठेतरी जाते, हे वेगळं सांगावं लागत नाही. या पुस्तकात जिथे नुसता ट्रज आहे, तिथे मी वाट तुडवणं घेतलं आहे. जिथे थकवा वेगळा दाखवायची गरज होती, तिथे 'पाय ओढत का होईना, चालत राहणं' असं लांबवलं आहे. लांबी खटकेल, पण 'राहणं' मला सोडता आलं नाही. आणि शेक्सपिअरच्या उताऱ्यांत, फोर्डबाईंच्या तोंडी, मी सरळ 'चला, निघा' असं लिहिलं आहे.